बोट ओळखत नाही म्हणजे काय?



थंडी पडायला लागली की आमच्या नातेवाईकांकडून एक ठरलेली तक्रार येते. "लॅपटॉप बोट घेत नाही." कधी चुलतभावाचा फोन, कधी धाकट्या मामांचा. घरोघरी प्रकार तोच. आधी बोट जोरात दाबायचं, मग त्याच्यावर फुंकर मारायची, मग साडीच्या नाहीतर शर्टाच्या टोकाला पुसायचं, आणि शेवटी यंत्राला दोन शब्द सुनवायचे. पिन विचारला तर तो कुणालाच आठवत नसतो, कारण तो आठवायला लागू नये म्हणूनच तर बोटाची सोय केलेली!

उपाय सांगणार आहेच, आणि तो फारसा अवघड नाही. पण त्याआधी थोडा इतिहास सांगावासा वाटतो. आपल्या बोटावर विश्वास ठेवायचा की नाही हे दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं, ही गोष्ट लॅपटॉपमुळे सुरू झालेली नाही. तिला दीडशे वर्षं होऊन गेलीत आणि तिची सुरुवात आपल्याच देशात झाली.

१८५७ चा उठाव होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बंगालमध्ये भागीरथीच्या काठी जंगीपूर नावाचं गाव आहे. तिथे विल्यम जेम्स हर्शेल हा तरुण इंग्रज अधिकारी होता (युरेनस ग्रह शोधणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ हर्शेलचा हा नातू). जुलै १८५८ मध्ये त्याने रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई नावाच्या स्थानिक कंत्राटदाराशी केला. करार लिहून तयार होता. हर्शेलच्या मनात काय आलं कोण जाणे, ऑफिसच्या शिक्क्याची शाई कोनाईच्या तळहाताला लावून त्याने अख्ख्या पंज्याचा ठसा त्या कागदावर उमटवून घेतला.

आता गंमत बघा. आपल्याकडे अंगठा म्हटलं की निरक्षर माणूस डोळ्यांसमोर येतो. 'अंगठेबहाद्दर', 'अंगठाछाप' हे शब्द आपण अडाणी या अर्थानेच वापरतो. पण हा पहिला ठसा ज्याने दिला तो कोनाई निरक्षर नव्हता. तो करार बंगालीत होता आणि त्याच्याच अक्षरात होता! म्हणजे लिहिता येत नाही म्हणून नव्हे, तर त्याने लिहिलेलं उद्या तो नाकारेल या भीतीपोटी ठसा घेतला गेला. हर्शेलने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की कोनाईला धाक बसावा हाच हेतू होता. शास्त्र वगैरे नंतर आलं. सुरुवातीला होता तो अविश्वास.

पण हर्शेल चिकाटीचा माणूस. त्याने स्वतःचे, मित्रांचे, सहकाऱ्यांचे ठसे जमवायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा घेऊन ताडून पाहिले. पन्नासहून अधिक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या त्याच्या स्वतःच्या ठशांतही रेषांची रचना तीच राहिली होती. १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने दस्तनोंदणी, तुरुंग आणि पेन्शन या तीन ठिकाणी बोटांचे ठसे वापरायला सुरुवात केली. पेन्शनचं कारण मजेशीर आहे. पेन्शनर वारला तरी त्याच्या नावाने दुसराच कुणीतरी पैसे उचलत राहायचा, आणि साहेबाला दोन म्हातारे काही वेगळे ओळखू यायचे नाहीत. ठसा हा त्याच्यावरचा इलाज. आज आपल्या घरातले ज्येष्ठ दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातात ना, तो प्रश्न इतका जुना आहे.

हर्शेलने ही पद्धत सगळीकडे लागू करावी असं वरिष्ठांना कळवलं, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. १८८० मध्ये टोकियोत काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांचं याच विषयावरचं पत्र 'नेचर'मध्ये छापून आलं. पुढच्याच महिन्यात हर्शेलचं उत्तर आलं, आणि हा शोध आधी कुणाचा यावरून जे वाजलं ते पुढे कित्येक वर्षं चाललं. १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टनचं पुस्तक आलं. बोटावरची रेष कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा बारीकसारीक खुणांवरून ठसा ओळखता येतो हे त्याने नीट मांडलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, लॅपटॉपपर्यंत पोचल्यावर लागणार आहे.

ठसा घेणं सोपं, पण शोधणं? हजारो ठशांच्या ढिगातून एक ठसा काढायचा कसा? बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्यापुढे हा प्रश्न होता. तो सोडवला त्यांच्या हाताखालच्या दोन बंगाली माणसांनी, काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. दहाही बोटांच्या नक्षीवरून एक आकडा काढायचा आणि त्या आकड्याप्रमाणे कागद कप्प्यात टाकायचा. कप्पे किती, तर बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४. नवा ठसा आला की आकडा काढा आणि थेट त्या कप्प्यापाशी जा. यातलं गणित मुख्यतः हक यांचं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. जगात त्याच्याआधी अशी कार्यालयं फारशी नव्हतीच. १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत उचलली. पण जगभर ती ओळखली जाते 'हेन्री पद्धत' म्हणून. हक आणि बोस यांना पुढे सरकारने खानबहादूर, रायबहादूर असे किताब आणि काही बक्षीस दिलं, पण पद्धतीला नाव लागलं ते साहेबाचं. ज्या दोघांनी सगळ्या जगाला माणूस ओळखायला शिकवलं, त्यांनाच जग ओळखत नव्हतं. असो.

त्याच सुमाराची आणखी एक हकीकत. जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. त्याच्या पेटीतल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताने माखलेल्या बोटाचा डाग सापडला. तो ठसा कलकत्त्याच्या कप्प्यांतून निघाला, पूर्वी शिक्षा झालेल्या कांगाली चरण नावाच्या नोकराचा. १८९८ मध्ये निकाल लागला. कोर्टाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल मात्र नाही, कारण ठशावरून तो तिथे होता एवढंच कळत होतं, त्याने मारलं हे कळत नव्हतं. मला या निकालाचं फार कौतुक वाटतं. ठसा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्या न्यायाधीशांना पहिल्याच फटक्यात कळलं होतं.

यानंतर गोष्ट समुद्रापार जाते. १९०० मध्ये हेन्रीसाहेबांना दक्षिण आफ्रिकेत पोलीस खात्याची घडी बसवायला पाठवलं होतं. तिथे १९०६ साली ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांवर नोंदणीची आणि ठशांची सक्ती करणारा कायदा आणायचं घाटत होतं. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात गांधीजींची ती प्रसिद्ध सभा झाली आणि हा कायदा पाळायचा नाही अशी शपथ घेतली गेली. सत्याग्रहाचा जन्म तिथला. पण १९०८ च्या जानेवारीत गांधीजींनी जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड केली आणि ठसे आपणहून द्यायला ते तयार झाले. त्यावर चिडून मीर आलम या पठाणाने फेब्रुवारीत त्यांना भर रस्त्यात मारहाण केली. मग सरकारने शब्द पाळला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीसमोर मोठ्या कढईत दोन हजारांवर नोंदणीपत्रकं जाळली गेली.

बोट तेच, शाई तीच, कागदही तोच. पण सक्तीने दिला तर अपमान आणि आपणहून दिला तर सहकार्य, हा फरक गांधीजींना दिसत होता. मीर आलमला तो पटला नाही. शंभर वर्षांनंतरही तो फरक सगळ्यांना पटतोच असं नाही.

आता एक मोठी उडी मारून टेबलावरच्या यंत्राकडे येऊ.

ऑक्टोबर २००४ मध्ये आयबीएमने थिंकपॅड टी ४२ हा बोट वाचणारा लॅपटॉप बाजारात आणला. त्याच्याआधीही असे प्रयोग झाले होते, पण ऑफिसातल्या सर्वसाधारण माणसाच्या हातात हे प्रकरण पोचलं ते या काळात. एक बारीक पट्टी असायची आणि तिच्यावरून बोट ओढायचं. यंत्र पट्टीपट्टीने चित्र घेऊन ती जोडायचं, त्यामुळे बोट हळू ओढलं किंवा घाईने ओढलं की रुसायचं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही बोट वाचणारी वेगळी डबी विकायला काढली, आणि महत्त्वाच्या माहितीच्या संरक्षणासाठी ती वापरू नका असं स्वतःच सांगून टाकलं! म्हणजे ते कुलूप नव्हतंच, फक्त टाइप करायचा कंटाळा वाचवण्याची सोय होती. २०१२ मध्ये तर असं उघड झालं की बऱ्याच लॅपटॉपांबरोबर येणारं यूपेक कंपनीचं सॉफ्टवेअर बोटाच्या आडून विंडोजचा पासवर्ड जवळजवळ उघडाच ठेवत होतं. दाराला भारी कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली, अशातली गत. २०१३ मध्ये आयफोन ५ एस आला, २०१५ मध्ये विंडोज हॅलो आलं, आणि बोट टेकवणं हे नमस्कार करण्याइतकं अंगवळणी पडलं.

यंत्र नेमकं काय बघतं? आपल्या बोटाचा फोटो तुलनेसाठी ठेवलेला असतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण साधारणपणे तसं नसतं. बोटावर बारीक बांध आणि त्यांच्यामध्ये सऱ्या असतात, आपल्या शेतात असतात तशाच. सेन्सरला बांध टेकतात, सऱ्या टेकत नाहीत, आणि विजेच्या सूक्ष्म फरकावरून यंत्र नकाशा काढतं. त्या नकाशातल्या खुणा, म्हणजे गाल्टनने सांगितलेले रेषांचे शेवट आणि फाटे, पुष्कळदा आकड्यांच्या रूपात साठवल्या जातात. पुढच्या वेळी बोट टेकलं की नव्या खुणा जुन्यांशी ताडून बघायच्या. हक आणि बोस यांचे कारकून भिंगातून जे करत होते, तेच काम हे सेकंदाच्या आत करतं.

पण यात एक मेख आहे. एकाच बोटाचे दोन ठसे कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. दाब बदलतो, कोन बदलतो, कातडी कोरडी किंवा ओली असते. म्हणून यंत्राला 'किती जुळलं म्हणजे जुळलं म्हणायचं' ही एक रेघ आखावी लागते. रेघ सैल ठेवली तर कधीतरी परका आत येतो. कडक ठेवली तर घरचाच माणूस बाहेर राहतो. या दोन चुकांपैकी एक कमी करायला गेलं की सहसा दुसरी वाढते. आयफोनच्या बाबतीत परक्याचं बोट चालून जाण्याची शक्यता ५० हजारांत एक, असं अॅपल सांगतं. हा कडकपणा फुकट मिळत नाही. त्याची किंमत म्हणजे थंडीतल्या सकाळी तुमच्याच बोटाला मिळालेला नकार.

तर आता उपाय.

बोट नोंदवलेलं आहे पण ओळखत नाही, असं असेल तर आधी हात धुऊन पूर्ण कोरडे करा. भांडी घासून सुरकुतलेलं किंवा थंडीने फुटलेलं बोट यंत्राला वाचता येत नाही. अगदीच कोरडं असेल तर किंचित क्रीम लावून दोन मिनिटं मुरू द्या आणि पुसून घ्या. सेन्सर कोरड्या मऊ फडक्याने पुसा. जोरात दाबू नका. दाबल्याने बांध चपटे होतात आणि सऱ्या बुजतात. एवढ्याने भागलं नाही तर साइन-इन ऑप्शन्समध्ये जाऊन जुनी नोंद काढून टाका आणि नव्याने नोंदवा. नोंदवताना बोटाचा मध्यच नाही, कडा आणि टोकही दाखवा. तेच बोट दोनदा नोंदवलेलं चांगलं, कारण यंत्राला ताडायला जास्त खुणा मिळतात. शिवाय ज्या हाताने कमी काम करता त्या हाताचं एक बोट जरूर नोंदवा.

बोटाचा पर्यायच पडद्यावर दिसत नसेल तर मात्र बोटाचा काही दोष नाही, त्याला बोल लावू नका. डिव्हाइस मॅनेजर उघडून बायोमेट्रिक डिव्हायसेसमध्ये पाहा. तिथला ड्रायव्हर काढून मशीन पुन्हा सुरू केलं की विंडोज तो बहुतेक वेळा परत बसवून घेतं, नाहीतर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आणावा लागतो. झोपवून उठवल्यावर सेन्सर गायब होत असेल तर त्याच जागी पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिकमार्क असते, ती काढून टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिन पाठ ठेवा. पिन ठरवल्याशिवाय विंडोज बोट नोंदवूच देत नाही, यामागे शहाणपण आहे. बोट हे पुढचं दार, पिन हे मागचं. मागचं दार नसलेलं घर कुणी बांधू नये.

हे मागच्या दाराचं मी इतकं लावून का धरतो ते सांगतो. माझी आत्या सांगली जिल्ह्यात खेड्यात राहते. उभा जन्म ऊस, भुईमूग आणि चूल यांच्यात गेला. मागे गावी गेलो होतो तेव्हा तिच्याबरोबर रेशन दुकानात गेलो. पॉस मशीनवर तिचा अंगठा उठेना. डावा झाला, उजवा झाला, मग एकेक बोट. दुकानदार भला माणूस, पण त्याच्यामागे रांग. तो म्हणाला, "आत्याबाई, मशीन घेईना बघा, उद्या या." परत येताना आत्या म्हणाली, "आरं बाळा, ह्या बोटांनीच सगळ्यांना खाऊ घातलं, आन् आता हीच माझी न्हाईत म्हणं."

मी तिला बांध-सऱ्यांचं शास्त्र सांगू शकलो असतो. कातडीच्या आतली नक्षी तीच राहते, पण वरचा थर शेतमातीने, चुन्या-सिमेंटने, राखेने झिजतो. वय वाढलं की कातडी सैल आणि कोरडी होते. कॅन्सरच्या एका औषधानेही ठसे पुसट होतात. सिंगापूरच्या एका रुग्णाला याच कारणामुळे अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडकवून ठेवलं होतं, आणि त्याच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. म्हणजे ठसा कायम असतो हे हर्शेलचं म्हणणं खरं, पण तो कायम वाचता येतो असं नाही. या दोन वाक्यांमधल्या फटीत माझी आत्या उभी होती.

आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्राधिकरणानेच सांगितलं होतं की सरकारी सेवांसाठीच्या पडताळण्यांपैकी ८८ टक्के यशस्वी होतात. शाळेत ८८ टक्के म्हणजे पेढे वाटायचे मार्क. पण उरलेले १२ टक्के म्हणजे प्रत्येक वेळी कुणीतरी काउंटरसमोर उभा असलेला माणूस. लॅपटॉपने नकार दिला तर माझा मेल पाच मिनिटं उशिरा वाचला जातो. दुकानातल्या यंत्राने दिला तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि धान्य मिळत नाही ते वेगळंच. रेघ दोन्हीकडे यंत्रच आखतं, पण तिची किंमत सारखी नसते. आणि सगळ्यात जास्त झिजलेली बोटं त्यांचीच असतात, ज्यांना ही किंमत सगळ्यात कमी परवडते.

उलट बाजूचा धोकाही आहेच. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. बोट कुठून बदलणार?

म्हणून ठसे नकोतच, असं मला म्हणायचं नाही. पेन्शन भलत्यानेच उचलू नये ही हर्शेलची काळजी रास्तच होती, आणि रेशनचं धान्य मधल्यामध्ये गायब होऊ नये ही आजची काळजीही रास्त आहे. म्हणणं एवढंच, की जुळलं तर ठसा हा चांगला साक्षीदार असतो. पण न जुळणं ही कसलीच साक्ष नव्हे. जलपायगुडीच्या न्यायाधीशांनी ठशाला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त बोलू दिलं नाही, तेवढा विवेक यंत्रामागे बसलेल्या माणसाने दाखवावा.

तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढलेलं आहे, निव्वळ पडताळणी झाली नाही म्हणून कुणाला हक्काचा लाभ नाकारू नये असं. ओटीपी, डोळ्यांची पडताळणी असे दुसरे मार्ग आहेत. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, आणि बँकेत जाऊन कागदी दाखला देण्याचा जुना रस्ताही आहेच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर जाल तेव्हा "उद्या या" ऐकून परत फिरू नका. शांतपणे विचारा, "बोट नाही चाललं तर दुसरं काय?" आणि उत्तर मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका.